तिठ्यावरचं घर

"मी खाली उतरणार नाही," सेन्नांग म्हणाली. "घरामागून दावं लावल्यासारखी चालायला मी काय शेळी आहे?"

खाली, घराच्या खांबांमध्ये, गावातले झाडून सगळे पुरुष लुंग्या खोचून उभे होते. शुक्रवारची नमाज आटोपून लोक थेट इकडेच आले होते. बांबू बांधून झाले होते, आडवे आणि उभे, प्रत्येक खांबाशी करकचून आवळलेले. गाद्या, भांडी, माळ्यावरचं भात, सगळं कालच बाहेर काढलं होतं. राहिली होती मातीची चूल, कारण ती चौकटीसकट फळ्यांना ठोकलेली होती, आणि राहिली होती घराची मालकीण. ती नाभीखांबाला पाठ टेकून बसली होती. घर बांधताना हा खांब सगळ्यांच्या आधी उभा केला होता आणि त्याला पांढरं कापड तिनंच गुंडाळलं होतं. त्या वेळी आर्शाद तिच्या पोटात होता.

आता हाजी झालेला आर्शाद खालून मान वर करून म्हणाला, "आई, ऐक ना. लोक ताटकळलेत. शिवाय वजन..."

"माझं वजन? भाताचं पोतं माझ्याहून जड असतं."

"वजनाचं जाऊ दे. पडशील."

"घर पडलं तर पडेन. आणि घर पडत असताना मी खाली उभी राहून करू काय? टाळ्या वाजवू?"

पुरुषांमध्ये हशा पिकला. बाकारेंग मिस्त्रीनं तोंडासमोरचा भोंगा बाजूला केला. हे घर त्यानंच बांधलं होतं, त्यामुळे घरापेक्षा आणि मालकिणीपेक्षाही आपला शब्द मोठा आहे असं त्याला वाटे. "हाजी, बसू दे तिला," तो म्हणाला. "नाभीखांबाशी बसली आहे. मधोमध सगळ्यांत कमी हलतं. उलट तिला उतरवत बसलो तर अंधार पडेल. चाळीस वर्षांत त्या बाईला कुणी कशातून उतरवलंय?"

घर हलवायला तर हवंच होतं. गेल्या पावसात नदीनं आधी बांबूचं बेट नेलं, मग मोरी नेली, आणि आता स्वयंपाकघराच्या मागच्या खांबाखालची माती रोज थोडीथोडी पाण्यात गळत होती. सकाळी उठून नदी कुठवर आली ते बघायचं, हे सेन्नांगचं तोंड धुण्याइतकंच रोजचं काम झालं होतं. घर हलवायचं, यावर तिन्ही भावंडांचं कधी नव्हे ते एकमत होतं. कुठं हलवायचं, यावर रमजानपासून भांडण चालू होतं. आर्शादची मोकळी जागा मशिदीच्या रस्त्याला होती. धाकट्या लेकीची, बेस्सेची, वरच्या अंगाला, कोकोच्या बागेपाशी. आमच्याकडे जमीन ज्याची त्याची असते, पण घर आईचं. आई ज्या जागेवर शेवटपर्यंत राहील त्या जागेवरच्या लेकराचं ते घर होतं. म्हणजे घर कुणाकडे जाणार एवढाच प्रश्न नव्हता. आई कुणाची होणार, हा प्रश्न होता.

तिला कुणी विचारलं नव्हतं असंही नाही. आर्शादनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघू." बेस्सेनं विचारलं तेव्हाही ती "बघू" म्हणाली. आर्शादच्या घरी हे उत्तर होकार म्हणून पोचलं, बेस्सेच्या घरीही होकार म्हणूनच पोचलं. परिणामी आज गावात दोन ठिकाणी पंगतीची तयारी होती. घर उचलणाऱ्यांना ते घर जिथं टेकेल तिथं जेवण मिळतं. आर्शादच्या बायकोनं, मारवाहनं, दोन बोकड कापले होते. बेस्सेनं कोळिंजन घातलेल्या कोंबड्या शिजवल्या होत्या आणि केळीच्या पानात वाफवलेल्या गोडाच्या परड्या भरून ठेवल्या होत्या. वारा फिरेल तसे पुरुषांचे चेहरे फिरत होते.

"उचला!" भोंगा ओरडला.

शे-दीडशे खांद्यांनी एकदम श्वास घेतला, आणि घर जमिनीवरून सुटलं.

*

सेन्नांगनं डोळे मिटले नाहीत. खिडकीतून तिला नदी दिसत होती. या चौकटीत नदी ती घर बांधल्यापासून बघत आली होती, पण नदीच वाहते आणि खिडकी जागेवर असते असा तिचा समज होता. आज खिडकी निघाली आणि नदी मागे राहिली. तिला बरं वाटलं. रोज आपल्या घराखालची माती खाणाऱ्या त्या तोंडापासून लांब जाताना कुणालाही बरंच वाटेल. मग आपण लांब कुठं जातोय हे तिला आठवलं आणि ते बरं वाटणं संपलं.

आर्शादकडे गेलं तर ती हाजीची आई. चांगल्या चटईवर बसायचं, पाहुण्यांचे सलाम घ्यायचे, कशाला हात लावायचा नाही. बेस्सेकडे गेलं तर पोरांची आजी. बेस्सेचा नवरा मलेशियातल्या पामच्या मळ्यात होता. दर सणाला येतो म्हणायचा आणि दर सणाला फोन यायचा. बेस्सेला आई हवी होती हे खरं, पण तिला ती पाळण्याजवळ हवी होती. दोघांनाही आपण हव्या आहोत आणि तरी आपलं मन कुठंच जात नाही, हे सेन्नांगला महिनाभर कळत होतं. कळत असलं तरी असं कुणाला सांगता येत नाही. नको असलेल्या म्हाताऱ्यांसाठी सगळे हळहळतात. दोन-दोन ठिकाणी हव्या असलेल्या म्हातारीनं कुरकूर केली तर लोक हसतात.

"आई, बरी आहेस ना गं?" घराखालून आवाज आला. मधला, बेद्दू. तो नेमका नाभीखांबाच्या खाली खांदा लावून होता.

"तू कुणाच्या बाजूनं उचलतोयस रे?"

"मी मध्ये आहे, आई."

"तू जन्मलास तेव्हापासून मध्येच आहेस."

पहाटे आर्शाद भेटला तेव्हा बेद्दूनं सांगितलं होतं, "दादा, मी तुझ्याच बाजूनं." विहिरीवर बेस्से भेटली तेव्हा म्हणाला होता, "तुझ्याच बाजूनं गं, हे काय विचारणं झालं?" दोन्ही वेळा त्याला ते मनापासून वाटलं होतं. म्हणून त्यानं मधली जागा धरली. तिथून दोघांपैकी कुणाचंच तोंड दिसत नव्हतं.

*

रोस्मी, बेद्दूची बायको, हातात काठी घेऊन आपल्या मिरचीच्या वाफ्यापाशी उभी होती. तिठ्याच्या कोपऱ्यावरचा तो तुकडा बेद्दूच्या वाट्याला आला होता. दोन्ही रस्त्यांची धूळ खाणारी ही जागा कुणालाच नको होती म्हणून ती त्याला मिळाली. रोस्मीनं तिथं राख, शेण आणि शिव्या घालून मिरची लावली होती आणि यंदा पहिल्यांदा झाडं फळांनी वाकली होती.

"इकडं पाय टाकाल तर तंगडी मोडेन," तिनं येणाऱ्या घराला बजावलं.

"रोस्मीवहिनी, तुमच्याकडं जेवण नाही, आम्ही कशाला येतो तिकडं?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

तिठ्याशी आल्यावर बाकारेंगनं भोंगा उचलला. "आता?" त्यानं विचारलं. इतक्या वेळात त्यानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"डावीकडं," आर्शाद म्हणाला.

"उजवीकडं," बेस्से म्हणाली. ती डोईवर पदर घेऊन, कमरेला लहानग्याला घेऊन, वरच्या रस्त्यावरून धावत आली होती. "आईनं मला शब्द दिलाय."

"तुला? आई मला म्हणाली, बघू!"

"मलाही तेच म्हणाली!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग दोघांनीही वर पाहिलं.

"हे बघ बेस्से," आर्शादनं मशिदीत बोलतो तो आवाज लावला. "वाडवडील सांगून गेलेत. पुरुष कावडीनं नेतो, बाई डोक्यावरून नेते. पुरुषाचे दोन वाटे, बाईचा एक. हे मी केलेलं नाही."

"मग घे ना कावड!" बेस्से म्हणाली. "हे एवढं घर आहे. एका पारड्यात घाल, दुसऱ्या पारड्यात तुझी पगडी घाल, आणि ने एकटा. दीडशे माणसांना कशाला राबवतोस?"

पुरुष हसले, आणि ते हसणं वाईट ठरलं. हसताना खांदे हलतात. घर करकरलं.

"हसू नका!" बाकारेंग किंचाळला. "उचललेलं घर आहे! डावीकडं का उजवीकडं ते सांगा!"

"डावीकडं!"

"उजवीकडं!"

आर्शादकडचे लोक डावीकडच्या बांबूंवर होते. मशिदीकडच्या आळीतले ते सगळे, आणि बोकडाचा वास त्यांच्या नाकात होता. बेस्सेच्या नवऱ्याचे चुलतभाऊ उजवीकडं होते, त्यांना कोंबड्यांचा वास येत होता. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जोर लावला. प्रत्येकाला वाटलं घर आपल्याकडं येईल. पण डावीकडचे पुढच्या टोकाला होते आणि उजवीकडचे मागच्या. घर कुणाकडंच गेलं नाही. ते फिरलं.

आधी जरासं. मग, एकदा फिरायला लागलेली जड वस्तू थांबवणं सोपं नसतं म्हणून, बरंच. ज्या खिडकीत सेन्नांग आता उठून उभी राहिली होती ती आर्शादसमोरून हलू लागली.

"आर्शाद, लाज वाटत नाही," ती बोलायला लागली होती, "धाकट्या बहिणीशी भररस्त्यात..."

वाक्य संपेपर्यंत खिडकी बेस्सेसमोर आली. "...आणि तू! कडेवर पोर, आणि जीभ बघा कशी चालते! तुझा बाप असता तर..."

खिडकी मागच्या रस्त्यावर गेली. तिथं आपलं वाळत घातलेलं भात गोळा करणारा सुलेमान शिक्षक उभा होता. "...तर त्यानं तुमचे कान उपटले असते!" सेन्नांगनं त्याला सांगितलं.

"हो, मावशी," शिक्षक म्हणाला.

घराखाली, नाभीखांबाशी, बेद्दू एकाच जागी पाय फिरवत होता. फिरणाऱ्या घरात मधला माणूस हलत नाही, नुसता गोल गोल फिरतो. त्याला भोवळ आली. "थांबा रे," तो क्षीण आवाजात म्हणाला. थांबायचं म्हणून कोपऱ्याकडं कलून त्यानं पाय जिथं टाकला तिथं मिरचीचं झाड होतं. त्याच्या मागून त्याच्या रांगेतल्या सगळ्यांचे पाय आले.

"माझी मिरची!" रोस्मी ओरडली.

"ठेवा!" सेन्नांग ओरडली.

"ठेवा!" भोंगा ओरडला, कारण बाकारेंगलाही दुसरं काही सुचत नव्हतं. घर धाडकन खाली आलं. खांब वाफ्यात रुतले. दीडशे माणसं एकदम गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागली. ओल्या मातीतून मोडलेल्या मिरच्यांचा वास वर आला, आणि शिंकांना सुरुवात झाली.

*

"उचला," रोस्मी म्हणाली.

कुणी हललं नाही.

"मी काय म्हणते? उचला हे! माझी जागा आहे ही. हे काय बसस्टँड आहे?"

"वहिनी, जरा दम घेऊ द्या," कुणीतरी शिंकत म्हणालं.

आर्शाद आणि बेस्से घाईघाईनं पुढं आले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच एकाच बाजूनं आले. "बेद्दू!" आर्शाद म्हणाला. "हे तू मुद्दाम केलंस."

"मी?" बेद्दू चिखलात बसला होता. त्याच्या डोळ्यांपुढं अजून गाव फिरत होतं. "दादा, मी तुझ्याच..."

"आणि मलाही म्हणालास की माझ्याच बाजूनं!" बेस्से म्हणाली. "दादा, बघितलंस? शांत बसून कोपरा साधला यानं!"

"मला तर आधीच शंका होती," आर्शाद म्हणाला. घटकेपूर्वी कावडीवरून भांडणारे भाऊ-बहीण आता एकमेकांकडं बघून मान हलवत होते.

"साधला?" रोस्मीनं दोघांमध्ये काठी आडवी घातली. "दादा, वन्सं, घेऊन जा की मग! माझ्या नवऱ्यानं काही साधायचं म्हटलं तर त्याला आधी उठून उभं राहावं लागेल. आत्ता घेऊन जा. डावीकडं न्या, उजवीकडं न्या, परत नदीत ढकला. माझी झाडं भरून द्या आणि न्या!"

"कुणाला नदीत ढकलतेस गं?" वरून आवाज आला.

"तुम्हाला नाही, घराला म्हणतेय मी."

"घरात मीच आहे."

"तर मग खाली उतरा आणि मग ढकलू द्या!"

या दोघींचं पटत नाही हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. लोक दम घेत घेत जवळ सरकले. भुकेपेक्षा हे बरं होतं.

सेन्नांग खिडकीवर हात टेकून खाली बघत राहिली. मोडलेल्या झाडांकडं, मग रोस्मीकडं. तिच्या डोळ्यांसमोर डावीकडं आर्शादच्या मोकळ्या जागेतला मांडव होता, उजवीकडं बेस्सेच्या बागेचा धूर. नदी कुठंही दिसत नव्हती. महिनाभर तिचं मन कुठंच टेकत नव्हतं. घर मात्र टेकलं होतं.

"मी इथंच राहीन," ती म्हणाली.

कोलाहल झाला. आर्शाद म्हणाला की लोक काय म्हणतील. बेस्से म्हणाली की माझ्या पोरांचं काय. मारवाह मांडवातून धावत येऊन म्हणाली की दोन बोकड कापलेत. बेद्दू चिखलातून उठला. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.

"इथं कशाला?" आर्शाद जवळजवळ रडकुंडीला आला होता. "आई, मी तुला कधी काही कमी केलंय? घरी येतेस तेव्हा मारवाह तुला पाटावरून उठू देत नाही!"

"तेच ते," सेन्नांग म्हणाली. "पाटावर बसून बसून माझे गुडघे गेले. मी कालवण करून आणलं की मारवाह म्हणते, वा आई, तुमच्या हाताला काय चव आहे. आणि परसात जाऊन बदकांना घालते. मी बघितलंय. बदकं खात नाहीत तेही बघितलंय."

मारवाहनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आणि बेस्से, तू मला म्हणतेस आई, आराम कर. आणि पोर मांडीवर देऊन जातेस. पोर गोड आहे. पण पोर म्हणजे आराम नाही." तिनं रोस्मीकडं बोट केलं. "ही बया एकटी मला तोंडावर सांगते, खारट झालंय म्हणून."

"खारटच असतं," रोस्मी म्हणाली.

"बघा! माझ्याशी खरं भांडणारं एवढंच माणूस उरलंय या घराण्यात. बाकीचे सगळे मला जपताहेत. जपून ठेवलेल्या माणसाचं पुढं काय होतं, मला माहीत आहे."

आर्शादनं पगडी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग बाकारेंगनं घसा साफ केला. "हे बघा," तो भोंग्याशिवायच म्हणाला, "पुन्हा उचलायचं असेल तर लोकांना आधी जेवू घालावं लागेल. आणि जेवल्यावर हे लोक उचलणार नाहीत. मी ओळखतो यांना."

"आम्ही उचलू," मागून कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं. सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

"आणि चूल पेटली की घर बसलं," बाकारेंग म्हणाला. "मग पुढची पेरणी होईतो त्याला हलवायचं नाही."

"निखारे द्या मला कुणीतरी," सेन्नांग म्हणाली.

मारवाहकडं चार चुली पेटल्या होत्या. बेस्सेकडं तीन. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. हळूहळू सगळ्यांचे डोळे रोस्मीकडं वळले. तिच्या घरी, वाफ्याच्या पलीकडं, एकच चूल होती आणि तिच्यावर सकाळपासून नुसता भात होता. ही चूल विझली असं ती म्हणू शकत होती. तेवढं म्हटलं असतं तरी आज काहीच बसलं नसतं.

रोस्मीनं काठी मातीत खुपसली. मोडलेली झाडं एकेक करून उचलली आणि ज्यांची मुळं शाबूत होती ती बाजूला ठेवली. लोक वाट बघत होते. तिनं घाई केली नाही.

"माझी मिरची कोण भरून देणार?" तिनं विचारलं.

"मी लावीन," सेन्नांग म्हणाली.

"तुम्ही लावलेलं वाकडं उगवतं."

"मग तू लाव आणि मी शेण आणीन."

"माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

"तुझ्या भांड्यांना कोण हात लावतंय? आधी घासायला लागतील."

"माझ्या नवऱ्याला माझ्याविरुद्ध काही शिकवायचं नाही."

"त्याला काही शिकवता येत असतं तर मी लहानपणीच शिकवलं असतं."

बेद्दू मान खाली घालून दोघींच्या मध्ये बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मध्ये असणं बरं वाटलं नाही.

रोस्मी आपल्या घरात गेली. तोवर बोकडाचं पातेलं एका टोकाला मारवाहनं आणि दुसऱ्या टोकाला बेस्सेनं धरून आणलं, कारण एवढं जड पातेलं एकीला उचलत नव्हतं आणि माणसं भुकेली होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही, पण पावलं जुळवून चालल्या. कोंबड्याही आल्या. लोक मिरचीच्या बांधावरच पानं घेऊन बसले आणि जेवायला लागले. आर्शादनं त्यांना वाढलं. कुणाला काय वाढतोय इकडं त्याचं लक्ष नव्हतं, म्हणून एकाच्या पानात गोडाच्या तीन पुड्या गेल्या.

तेव्हा कुठं कुणाच्या तरी लक्षात आलं की घराचा जिना नदीकाठीच राहिला. उचलायच्या आधी तो काढून बाजूला ठेवला होता. घर मात्र आता माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर बसलं होतं आणि दाराखाली काहीच नव्हतं. आर्शाद आणि बेस्से दोघंही जिना आणायला एकदमच पळाली.

रोस्मी करवंटीत निखारे घेऊन परत आली. तिच्या खांद्यावर कोकोच्या शेंगा काढायची बांबूची शिडी होती. तिनं ती दाराच्या चौकटीला टेकवली, हलवून बघितली आणि एका हातात करवंटी सांभाळत वर चढली. सेन्नांग उंबऱ्यात उकिडवी बसली होती. इतक्या जवळून दोघींनी एकमेकींचे चेहरे बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"शिडी हलतेय तुझी," सेन्नांग म्हणाली.

"शिडी ठीक आहे. तुम्ही थरथरताय."

"घरात बसून गोल फिरले आहे मी. तू फिरून बघ."

"धरा. सांभाळून, भाजेल."

"निखारे धरायला मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतेय. आणि ऐका, आज मीठ मी घालणार."

सेन्नांगनं करवंटी घेतली, मागं चुलीशी ठेवली, आणि मोकळा झालेला हात पुढं केला.

"आधी वर तर ये," ती म्हणाली.